सतरा ग्रॅमचं कापड

"अहो, लग्नाच्या मांडवासाठी नाही! स्ट्रॉबेरीसाठी! स्ट्रॉ-बे-री!"

मी गावच्या पाण्याच्या टाकीवर उभी राहून फोनमध्ये ओरडत होते. मोरवण्यात तेव्हा मोबाइलला रेंज मिळायची ती या एकाच जागी, तीही पाचगणीकडे तोंड केलं तर. खाली आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर कमरेला खोचून शिडी धरून उभ्या होत्या.

"काय म्हणतोय?" त्यांनी खालून विचारलं.

"म्हणतोय, स्ट्रॉबेरीला कपडे घालता का?"

"घालतो म्हणावं. थंडी वाजती तिला."

सुरतेचा माणूस मोठ्यानं हसला, पण भाव सांगितला. मी तो तळहातावर पेनानं लिहिला, कारण कागद वाऱ्यानं केव्हाच उडून गेला होता.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा नवी नवरी होते. उन्हाळ्यात लग्न होऊन साताऱ्याहून मोरवण्यात आले होते. माझा नवरा दिनकर पाचगणीत पर्यटकांसाठी जीप चालवायचा आणि घरची स्ट्रॉबेरी आत्या बघायच्या. फक्त घरचीच नाही. गावातल्या अकरा बायकांचा गट होता, आणि चांगुणा गोळे, म्हणजे माझ्या आत्या, त्या गटाच्या अध्यक्ष.

आदल्या हिवाळ्यात गटाचं फार नुकसान झालं होतं. आमच्याकडं ऐन थंडीत एखाददुसऱ्या पहाटे दव गोठतं. पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि आमच्या बायका कपाळाला हात लावतात. ज्या फुलावर बर्फ बसतो त्याचा मधला भाग काळा पडतो, आणि काळ्या फुलाला फळ धरत नाही. कुणाच्या तरी भावानं सांगितलं, की परदेशात वाफ्यांवर पातळ पांढरं कापड पसरतात. विणलेलं नसतं ते, प्लास्टिकचे बारीक धागे एकमेकांवर दाबून बनवलेलं. नॉनवोवन म्हणतात. ऊन आत येतं, पाणी आत जातं आणि थंडी बाहेर राहते.

गटाच्या बैठकीत आत्या सरळ म्हणाल्या, "कापड घ्यायचं. भाव माझी सून रेवती काढंल."

मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आयुष्यात स्वतःच्या ड्रेसपलीकडं काही खरेदी केलं नव्हतं.

शेवंताकाकू लगेच म्हणाल्या, "भाव कशाला काढायचा? वाईचा बाबरशेठ हाय की. वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर त्योच देतो, ह्येबी त्योच दील. दारात आणून टाकतो, उधारीबी ठेवतो."

शेवंताकाकू गटातल्या सगळ्यात जुन्या. त्यांचं आणि आत्यांचं फारसं पटायचं नाही. कशावरून बिनसलं होतं ते दोघींनाही आता आठवत नसावं, पण बैठकीत एकीनं पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिम म्हणायची.

"बाबरशेठचाबी घेऊ," आत्या म्हणाल्या. "पण त्याच्या एकट्याचा न्हाय."

अशी मी टाकीवर चढले.

पहिले दोन दिवस मी नुसती गोंधळले होते. बाबरशेठ रोलचा भाव सांगायचे. सुरतवाला किलोचा. तिसरीकडून, शिरवळच्या एका कारखान्यातून, मीटरचा भाव आला. शिवाय कुणाचा रोल रुंद, कुणाचा अरुंद. एकात वाहतूक धरलेली, दुसऱ्यात नाही. तीन माणसं तीन भाषांत बोलावीत तसं झालं होतं. मग एका दुपारी भाकरी थापताना माझ्या डोक्यात आलं, की आपल्याला ना रोल हवा ना किलो. आपल्याला गुंठा झाकायचाय! भाकरी तव्यावर करपली, पण मी पिठाच्या हातानंच तिन्ही भाव गुंठ्यावर आणले. एक गुंठा वाफे झाकायला, दारात पोचेपर्यंत, कुणाचं कापड कितीला पडतं?

सुरतवाला सगळ्यात स्वस्त निघाला. बराच स्वस्त. मी आनंदानं ओसरीवर उडीच मारली.

"आत्या, सुरत! सुरतच घ्यायचं!"

"शिरवळच्या बाईला एकदा विचार," आत्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, तुझा भाव जास्त का?"

शिरवळच्या कारखान्यात विक्री बघायला एक मुलगी होती, तबस्सुम शिकलगार. मूळची मिरजेची. आमचं दोन-तीनदा बोलणं झालं होतं. मी टाकीवर चढून तिला फोन लावला आणि सुरतेचा भाव सांगून टाकला.

ती म्हणाली, "ताई, एवढ्या भावात आम्हीपण देतो की. पण ते बाजाराच्या पिशव्यांचं कापड. उन्हात टिकायचं औषध त्यात नसतं. त्यांना एवढंच विचारा, बिलावर 'यूव्ही' लिहून देता का."

"आणि नसलं औषध तर?"

"तुमच्या घरात दुकानातली तसली कापडी पिशवी असंल बघा कुठंतरी. उन्हात राहिलेली."

पिशवी होती. आमच्या माडीच्या सज्जात, लसणाच्या बियाण्याची, उन्हाळ्यापासून खुंटीला टांगलेली. मी धावत जाऊन तिला हात लावला आणि ती माझ्या मुठीत चुरमुऱ्यासारखी कुस्करली. सगळा लसूण घरंगळत खाली अंगणात. आत्या वर बघत राहिल्या.

"रेवा, काय करतीस गं?"

"आत्या, आपण वाचलो!"

सुरतवाल्यानं आधी "हो हो, सगळं आहे त्यात" म्हटलं, आणि बिलावर लिहून द्या म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. एवढ्या छोट्या मालाला कोण लिहून देतं, म्हणाला.

तबस्सुमनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "आम्ही सगळेच सतरा ग्रॅम म्हणतो. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा सतरा ग्रॅम भरला पाहिजे. तिघांचे तुकडे मागवा आणि वजन करून बघा. माझासुद्धा. माझ्यावर तरी विश्वास का ठेवायचा?"

नमुने आले. बाबरशेठनी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला, बाकीचे दोन कुरिअरनं. मी ते ओसरीवर पसरले तेव्हा गटातल्या बायका येऊन गालाला लावून बघायला लागल्या. पांढरं, हलकं, फुंकर मारली तर तरंगणारं. तिन्ही अगदी सारखी दिसत होती. वजन करायचं कशावर? वाण्याच्या काट्यावर तर ते असून नसल्यासारखं.

"सोनार हाय की पाचगणीत," आत्या म्हणाल्या.

"मीबी येणार," शेवंताकाकू उठल्या. "तुम्ही सासू-सुना मिळून काय वजन सांगाल त्ये मी काय म्हणून मानू?"

दिनकरनं आम्हा तिघींना जीपमध्ये घातलं. सोनारानं काचेच्या पेटीतला नाजूक काटा पुढं ओढला आणि घड्या घातलेल्या कापडाकडं बघून विचारलं, "बाई, ह्यात सोनं गुंडाळलंय का काय?"

"तुम्ही ठेवा तर," आत्या म्हणाल्या.

आधी शिरवळचा. सतरा आणि वर थोडंसं. मी टाळीच वाजवली. मग सुरतेचा. वीसच्याही वर गेला. सोनार म्हणाला, "हे तर जास्तच देतायत की."

"जास्त नाही काका," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला चढलेला ऐकू आला, "ते किलोनं विकतायत! तुकडा जाड, म्हणजे किलोत कापड कमी. स्वस्तही नाही आणि टिकाऊही नाही!"

शेवटी बाबरशेठचा. काट्यावरचा आकडा थोडा वरखाली झाला आणि तेराच्याही खालीच थांबला.

शेवंताकाकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"आजून एकदा घाल," त्या सोनाराला म्हणाल्या.

पुन्हा तेवढंच.

"किती वर्सं," काकू म्हणाल्या, "किती वर्सं मी त्याच्या दुकानात चा पिते." मग त्यांनी सोनाराकडं वळून विचारलं, "तुमचा फोन लागतो का वाईला?"

त्या फोनवर बाबरशेठना त्या जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. सोनारानं हळूच दुकानाचं दार लोटून घेतलं.

तेव्हा शिरवळचंच घ्यायचं ठरलं. जीपमध्ये आम्ही गाणी म्हणायच्याच बेतात होतो. पण पाचगणीतूनच मी तबस्सुमला फोन केला आणि खरा घोळ पुढं आला.

"ताई, किती माल?"

मी गटाचा आकडा सांगितला.

"एवढ्यासाठी मशीन लावता येत नाही," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "आमचे साहेब अर्ध्या टनाच्या खाली ऐकतच नाहीत. तुमचा आकडा त्याच्या निम्म्याहून जरा वर आहे. आत्ता पांढऱ्या मालाचं मशीन चालू आहे. सोमवारी निळा रंग लागला, की मग महिनाभर पांढरं नाही."

"आज शुक्रवार आहे!"

"रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा. तोवर मी साहेबांना धरून ठेवते."

मी फोन ठेवला. महिनाभरानं कापड येऊन काय उपयोग? थंडी तर दाराशी आली होती. सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली होती.

"मग काय," आत्या म्हणाल्या, "माणसं गोळा करायची."

पुढचे दोन दिवस आम्ही जे फिरलो तसं मी आयुष्यात फिरले नव्हते. दिनकरनं पर्यटकांच्या फेऱ्या सोडल्या. वरच्या वाड्या, खालच्या वाड्या, जिथं स्ट्रॉबेरी तिथं आमची जीप. मी बॉनेटवर तिन्ही तुकडे ठेवायचे, लसणाची कुस्करलेली पिशवी दाखवायचे, सोनाराच्या काट्याची हकिकत सांगायचे. पहिल्या वाडीत माझी जीभ अडखळली. तिसऱ्या वाडीत म्हातारे लोक खुर्च्या घेऊन बसायला लागले. एका ठिकाणी एक जण म्हणाला, "कापडाला काय बघायचं? कापड ते कापड." मी त्याच्या हातात पिशवीचा तुकडा दिला आणि चुरगाळायला सांगितलं. तो आपल्या तळहातावरच्या भुग्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "माझं लिवा."

मला असं वाटत होतं, की मी जन्मभर हेच करत आलेय.

कुणाचं नाव, कुणाचे किती गुंठे हे मी लिहून घेत होते. सुरुवातीलाच मी आत्यांना विचारलं होतं, "आपलं किती लिहू?" तर त्या म्हणाल्या होत्या, "आधी बायांचं लिही. आपलं मागनं बघू." मला वाटलं, अध्यक्षबाईंची रीत असेल, सगळ्यांना वाढून मग आपण बसायचं.

रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात गट जमला. मी बेरीज केली. परत केली. अजून कमीच भरत होतं.

"किती कमी?" शेवंताकाकूंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या उठल्या, चपला घातल्या आणि दिनकरला म्हणाल्या, "चल रं, गाडी काढ. माझ्या माहेरी जायचं."

"काकू, ते तर डोंगराच्या पलीकडं," मी म्हणाले. "आणि तुमचे भाऊ तर बाबरशेठकडूनच…"

"भावांचं मी बघते. सोनाराकडं मी गेलते, त्ये न्हाय."

त्या गेल्या. आम्ही टाकीखाली वाट बघत बसलो. ऊन कलायला लागलं. मग जीपचा आवाज आला, आणि वळणावरूनच काकूंचा हात बाहेर दिसला, काहीतरी हलवत होत्या. जवळ आल्यावर कळलं की ती भावाची टोपी होती. "जरा घासाघीस झाली," त्या एवढंच म्हणाल्या. दोन्ही भावांचे मिळून चांगले भरघोस गुंठे आणले होते.

मी बेरीज केली. सगळ्या जणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"अजून थोडं…" मी पेन खाली ठेवलं.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "आता आपलं लिही. सगळं वावर लिही. वरचं, बांधापर्यंत."

मी लिहिलं. आकडा बसला. बसला आणि वर चार गुंठे उरले! टाकीखाली असा गलका झाला, की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मी शिडीला हात न लावता टाकीवर चढले, असं दिनकर अजून सांगतो. खरं खोटं त्यालाच माहीत.

"तबस्सुम! अर्धा टन! मशीन लाव!"

पलीकडून तिची आरोळी आली. "सर, माल लावा! पांढराच! पांढराच!" आणि मग मला, "रेवती, मी स्वतः घेऊन येते गाडी!"

ती खरंच आली. टेम्पोच्या पुढच्या सीटवर, ओढणी डोक्याला घट्ट बांधून. विशीतली असेल, माझ्यापेक्षाही लहान. फोनवर मी तिला चाळिशीची समजत होते. खाली उतरून तिनं दरीकडं बघितलं, वाफ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "मी तीन वर्षं हे कापड विकतेय. ते अंथरतात कुठं, आज बघणार."

त्या दिवशी दुपारी ते कापड पसरताना जी मजा झाली ती झाली. रोल माणसापेक्षा उंच, पण दोघींना सहज उचलता येत होता. उलगडायला गेलं की वारा खाली शिरायचा आणि आख्खा पट्टा फुगून वर उठायचा. एकदा तर गटातल्या दोघी त्याला धरून बांधापर्यंत ओढल्या गेल्या. "दगड टाका, दगड!" आत्या ओरडत होत्या. कडेला माती, मातीवर दगड, असं करत ऊन जाईतो यादीत लिहिलेली ओढ्याकाठची सगळी वावरं पांढरी झाली. शेवंताकाकूंचं वावर ओढ्याला लागून, सगळ्यात खोलात. त्यांच्या वाफ्यांवर शेवटचा दगड तबस्सुमनं ठेवला. आमचं वावर वर, माळावर. तिथं मी आणि दिनकरनं पसरलं. एक सरी काठाला उघडी राहिली, कारण उरलेलं कापड मी गटातल्या एका बाईला देऊन बसले होते. मनातून मला फार वाईट वाटत होतं. आपलीच सरी उघडी.

तबस्सुम आमच्याकडंच राहिली. आणि पहाटे दाराची कडी जोरात वाजली.

"चांगुणे! ऊठ! पडलंय!"

शेवंताकाकू होत्या. अंगावर घोंगडी, आणि आवाज असा, की मला कळेना, आनंदाचा की भीतीचा.

आम्ही तशाच खाली धावलो. ओढ्याकाठी सगळं पांढरं होतं. गवत पांढरं, बांध पांढरे, पाण्याच्या पाइपवर बर्फाची साय. पायाखाली करकर वाजत होतं. कापडावर साखर पेरावी तसे कण. काकू आपल्या वावराच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, पण त्यांचा हात पुढं होईना.

"तू उचल," त्या मला म्हणाल्या. "माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी दगड बाजूला केला. कापड कडक झालं होतं, पापडासारखं. कडेनं हळूच वर केलं.

खाली हिरवीगार पानं. आणि त्यांच्यात पांढरी फुलं, मधला भाग पिवळाधमक. एकही काळं नाही. मी आणखी पुढं उचललं. तिथंही पिवळं. काकू खाली बसल्या, एका फुलाला बोट लावलं आणि हसायला लागल्या. हसताहसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तबस्सुम वाफ्यांमधून नाचत सुटली होती. "जिवंत आहेत! रेवती, सगळी जिवंत आहेत!"

तेवढ्यात मला आमची उघडी सरी आठवली. मी तशीच वर पळाले. चढ चढताना छाती भरून आली. मनात धरूनच चालले होते, की एक सरी गेली.

माळावर पोचले आणि थबकले. गवत हिरवं होतं. बांध कोरडा होता. उघड्या सरीवर नुसतं साधं दव होतं, ओलं, थेंबाथेंबाचं. फुलं सगळी ठणठणीत. मी वाकून पुन्हा बघितलं. शेजारच्या करवंदीच्या जाळीवरही बर्फाचा कण नाही.

आत्या माझ्यामागून सावकाश चढत आल्या.

"आत्या, इथं पडलंच नाही!"

"इथं कुठं पडतं?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "थंडी खाली उतरती गं. ओढ्यात बसती. माळावर मी लग्न होऊन आल्यापास्नं एकदाबी पडलेलं बघितलं न्हाय."

"मग गेल्या वर्षी आपलं नुकसान…"

"आपलं कुठं? गटाचं झालं. शेवंताचं तर पार गेलं. डोळ्यांदेखत."

मी आमच्या वावराकडं बघत राहिले. बांधापासून बांधापर्यंत, आम्ही एवढ्या मेहनतीनं अंथरलेलं पांढरं कापड.

"मग आपण हे घेतलं कशाला?"

"तुझा आकडा भरत नव्हता," आत्या म्हणाल्या. त्यांनी वाकून काठाचा दगड उचलला, बाजूला ठेवला आणि कापडाची कड माझ्या हातात दिली. "धर तिकडनं. गुंडाळू. शेवंताच्या वढ्यापल्याडच्या वावरात वाफं उघडंच हायत. ती मागायची न्हाय. आपणच नेऊन टाकू."